रेषा जिथे मिळाल्या तिथे तारा नव्हता

जड तारे जन्मतात त्या ढगांमधले वायूचे झोत मोजणं हे माझं रोजचं काम. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषेवरून वेग काढायचा, आपल्याकडे येणारा वायू निळा रंगवायचा, दूर जाणारा लाल. कोवळा तारा भोवतालच्या चकतीतून वायू ओढतो आणि त्यातला काही दोन्ही ध्रुवांकडून भिरकावतो. त्यामुळे एका बाजूला निळा झोत, समोर लाल. बहुतेक ठिकाणी असंच दिसतं.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. मॅडमनी सरावासाठी मृग तेजोमेघामागच्या ढगाची, चिलीतल्या ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणीने घेतलेली निरीक्षणं दिली. “झोताची दिशा काढून दे,” एवढंच म्हणाल्या.

मी एकेक चॅनेल, म्हणजे ठरावीक वेगाच्या वायूचं चित्र, पुढे सरकवत गेले. ढगाचा स्वतःचा वेग सेकंदाला 9 किलोमीटरच्या आसपास. तिथे सगळा पडदाच उजळतो, काही उमगत नाही. वेग वाढला तसे ठिपके सुटे झाले. पण लाल चहूकडे, निळेही चहूकडे, एकमेकांना अगदी खेटून! जुळणीत माझीच चूक झाली असणार म्हणून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून केली. चित्र तेच.

मग एकच ठिपका धरला आणि चॅनेलगणिक त्याचा माग काढला. केंद्रापासून जितका लांब, तितका वेग जास्त, आणि वाढ अगदी सरळ रेषेत. एकाच क्षणी उडालेल्या तुकड्यांचं असं होतं: जो वेगवान, तो पुढे गेलेला. प्रिंट काढली आणि पट्टी-पेन्सिलने रेषा मागे ओढत गेले. दहाव्या-बाराव्या रेषेपासून हात थरथरायला लागला. सगळ्या एका छोट्याशा जागेकडे येत होत्या. आणि त्या जागी तारा नव्हता.

“आता शेजारचे तारेही मागे ने,” मॅडम म्हणाल्या.

1967 मध्ये सापडलेला बेकलिन-नॉयगेबाउर तारा आणि ‘सोर्स आय’, दोघांच्या रेडिओ निरीक्षणांतून मोजलेल्या गती उपलब्ध आहेत. त्या उलट चालवल्या. सुमारे 500 वर्षं मागे गेल्यावर दोन्ही तारे माझ्या पेन्सिलीच्या ठिपक्याशी आले. (प्रकाशाला इथवर यायला लागणारी साधारण 1350 वर्षं वेगळी.) मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

दाटीत जन्मलेले जड तारे एकमेकांच्या फार जवळ आले, दोघे घट्ट जोडीत अडकले किंवा एकजीव झाले, आणि सुटलेल्या ऊर्जेने बाकीचे तारे नि वायू उधळले गेले, हे मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण. सूर्य लाखो वर्षांत देतो तेवढी ही ऊर्जा. डीआर 21 आणि जी 5.89 या तारे जन्मणाऱ्या भागांतही असे स्फोटक झोत सापडलेत.

त्या संध्याकाळी मी माझी जुनी यादी उघडली. तीन नावांपुढे ‘दिशा अनिश्चित’ लिहून ती बाजूला ठेवली होती. पहिल्याचे चॅनेल पुन्हा उघडले आणि पट्टी हातात घेतली.