गाडी नाही, तरी भंडारदरा

मे महिना जवळ आला की सोसायटीत आणि ऑफिसात एकच प्रश्न येतो. "तुमच्याकडे गाडी नाही, घरात सासूबाई आणि शाळेतली मुलं, तरी दर वर्षी भंडारदऱ्याला जाता कसे? आणि एसटीनं जाऊन त्यात निवांतपणा कसला?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते, कारण एसटीनं जातो म्हणूनच आमची सुट्टी निवांत होते, हे मला अगदी मनापासून वाटतं.

गाडी दाराशी असली की माणूस तीन दिवसांत सात ठिकाणं बसवतो. सकाळी रंधा धबधबा, दुपारी रतनवाडी, संध्याकाळी आणखी कुठलातरी पॉइंट. चालवणाऱ्याची कंबर मोडते आणि मागचे झोपून जातात. एसटीला ते जमत नाही. त्यामुळे एकच मुक्काम ठरतो आणि सगळं त्याच्याभोवती फिरतं. आमचा मुक्काम शेंडीत असतो. विल्सन धरणाच्या, म्हणजेच भंडारदरा धरणाच्या, भिंतीला लागून असलेलं हे गाव. बाजार, खानावळी, राहायच्या खोल्या, सगळं चालत जाण्याइतक्या अंतरावर.

नाशिकहून साधारण सत्तर किलोमीटर. थेट गाड्या मोजक्या आहेत, म्हणून आम्ही इगतपुरी-कसाऱ्याकडे जाणारी मिळेल ती गाडी धरतो आणि घोटीला उतरतो. तिथून राजूर-अकोले बाजूला जाणारी एसटी किंवा काळीपिवळी. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर विचारायचं. आणि जायची नाही, यायची गाडी आधी विचारायची. जाताना उशीर झाला तर घोटीत मिसळ खाता येते, परतीची शेवटची गाडी चुकली तर मात्र पूर्ण जीप करावी लागते.

घोटी सोडल्यावर उजवीकडची खिडकी धरा. भातखाचरं मागे पडतात आणि कळसूबाईची रांग गाडीबरोबर चालायला लागते. बाजाराचा दिवस असेल तर पायाशी कुणाचं तरी तांदळाचं पोतं, मांडीवर कुणाची तरी पिशवी, आणि "कुठं चाल्ले?" हा प्रश्न ठरलेला. राहायला चांगलं घर, जेवायला चुलीवरची भाकरी, ही माहिती आम्हाला याच सीटवर मिळत गेली. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आलं की ट्रेकवाली पोरं सॅक सावरत उतरतात. कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. वर लोखंडी शिड्या आहेत, पहाटे निघालात तर दुपारी खाली. ज्यांना चढायचंय त्यांनी आदल्या रात्री बारीतच राहावं.

खर्चाचंही सांगते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणजे सासूबाईंना पैसेच पडत नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धं. आमच्या घरात पूर्ण तिकीट एकटे आमचे हेच काढतात. वाचलेले पैसे रतनवाडीच्या दिवसासाठी ठेवते, कारण तिथे एसटीच्या भरवशावर राहू नये. शेंडीतून जीप ठरवायची, किंवा पाणी आणि वारा बरा असेल तर तलावातून बोटीनं जायचं.

त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या मंदिरात दिवस जातो. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम जवळून, बोट न लावता, एकेक पट्टा बघत फिरावं. शेजारी पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या देवळ्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मुलं त्यांच्या हातातली शंख-चक्रं ओळखत बसतात. वर रतनगड, तिथेच प्रवरेचा उगम, आणि ही सगळी नदी अडवून १९२६ साली पुरं झालेलं धरण संध्याकाळी आपल्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मुलांना भूगोल असा एका दिवसात, क्रमानं दिसतो. मला याचं फार अप्रूप आहे.

उरलेले दिवस तलावाच्या काठी. सकाळी फिरणं, दुपारी झोप, चारला चहा. "दिवसभर करता काय?" असंही विचारतात. सासूबाई शेजारच्या घरी नाचणीचे पापड बघायला जातात आणि दोन तासांनी येतात, असं करतो.

कधी जायचं? पाण्यानं भरलेलं, हिरवं बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. ऐन जुलैत शनिवार-रविवारी जाऊ नका, रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि त्यात एसटीही अडकते. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनचा पहिला पाऊस, आणि तेही आडवारी. तिथे मला खरोखर कळकळीनं सांगायचंय. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. रात्री झाडांखाली हेडलाइट लावून गाड्यांची रांग उभी राहते तेव्हा ती खूण पुसली जाते. आपण पायी असलो की हा त्रास आपल्याकडून होत नाही. वनखात्यानं वेळ घालून दिली असेल ती पाळा, टॉर्च पायाशी धरा, गावातला कुणीतरी वाटाड्या सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा.

खोली ठरवताना जेवणारी माणसं किती, हे आदल्या दिवशी फोन करून सांगायला विसरू नका. तिथलं जेवण माणसं मोजून रांधलं जातं.