साडेचारच्या खाली नाही

वरुडला वकिली करतो म्हटल्यावर संत्र्याच्या सौद्यांची भांडणं दर हंगामात दारात येतात. बहुतेक इसाराच्या पैशावरून, नाहीतर गळालेल्या फळांचं नुकसान कोणी सोसायचं यावरून. मागच्या आंबिया बहाराच्या हंगामात आलेलं प्रकरण एका 'नाही'चं होतं. ते अजून मनातून जात नाही.

एक शेतकरी काका सकाळी नऊलाच ओट्यावर येऊन बसलेले. अडीच एकरांचा संत्र्याचा बगीचा, झाडावरचीच फळं विकायची होती. सोमवारी व्यापारी झाडं पाहून गेला आणि फोनवर म्हणाला, "उभा बगीचा चार लाखाला घेतो, शनिवारपर्यंत सांगा." शुक्रवारी काकांनी "चार लाखात न्या" म्हणून कळवलं, तर त्यानं गुरुवारीच दुसरा बगीचा घेतलेला.

"शनिवार तर उगवला बी नव्हता, साहेब. शब्द त्यानंच देल्ला होता. नोटीस पाठवा."

मलाही आधी त्यांचंच खरं वाटलं. पण मधल्या दिवसांत काय बोलणं झालं ते पाहावं म्हणून मोबाइल मागितला. बुधवारी रात्रीचा काकांचा व्हॉइस मेसेज सापडला. मागे मोटरचा आवाज आणि वर काका: "भाऊ, साडेचारच्या खाली आपल्याले जमत नाही." व्यापाऱ्याचं उत्तर: "बरं, पाहतो मंग." त्यानंतर काही नाही.

तिथंच प्रकरण संपलं होतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 7 सांगतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. वेगळा भाव सांगितला की तो नवा प्रस्ताव होतो आणि समोरच्याचा जुना प्रस्ताव नाकारला जातो. मग मागाहून "बरं, तुमचाच भाव मान्य" म्हणून तो जिवंत होत नाही. इंग्लंडमधला 1840 चा हाइड विरुद्ध रेंच हा खटलाही शेताच्या सौद्याचाच. हजार पौंडांना देतो म्हटलेल्या शेताला घेणाऱ्यानं साडेनऊशे सांगितले, ते नाकारल्यावर हजार कबूल केले. कोर्टानं करार झालाच नाही असं ठरवलं. आपली न्यायालयंही हेच तत्त्व मानतात. शिवाय इसार घेतलेला नव्हता. नुसत्या "शनिवारपर्यंत" या शब्दानं व्यापारी बांधला जात नव्हता.

काका बराच वेळ मोबाइलच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "थे 'नाही' सौद्यातलं होतं जी. असं तर सारेच म्हणतात."

खरंच सारे म्हणतात. आपल्याकडे पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस अडलेला समजतात. काकांनी बापाकडून जसा सौदा शिकला तसाच केला. मला त्यांची चूक काढवेना. मी तो मेसेज आणखी दोनदा ऐकला. वाक्याच्या शेवटी प्रश्न सापडतो का, एवढंच शोधत होतो. कारण नुसतं विचारणं म्हणजे नाकारणं नव्हे. इंग्लंडमधल्याच 1880 च्या स्टीव्हनसन विरुद्ध मॅक्लीन या खटल्यात ते स्पष्ट झालेलं आहे. "साडेचार होतील का?" असं काका बोलले असते, तर चार लाखाचा प्रस्ताव तसाच उभा राहिला असता आणि व्यापाऱ्यानं तो मागे घेतल्याचं कळवण्याआधी काकांचा होकार पोहोचला असता, तर सौदा पक्का होता. प्रश्न सापडला नाही.

नोटीस पाठवणार नाही म्हणून सांगितलं. फी घेतली नाही. काका तसेच बसून राहिले, कारण गळ वाढली होती आणि दिवस हातातून जात होते.

तेवढ्यात दुसऱ्या व्यापाऱ्याचा मेसेज आला, तीन लाख साठ हजार. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही म्हणू नका. विचारा."

त्यांनी मेसेज बोलून पाहिला, पुसला. पुन्हा बोलले, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "भाऊ, थोडं वाढवता येते काय?"

तीन सत्तरला ठरलं. इसाराचे पैसे आणि सहीची चिठ्ठी त्याच संध्याकाळी घेतली.