चिंधी बांधलेला दोडका

३१ मे, रात्रीचे साडेनऊ. नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, सातवा दिवस.

दुपारी पुण्याहून पुतणीचा फोन आला. यंदा तिने गच्चीवर कुंड्या मांडल्यात, त्यामुळे सध्या मी तिला फार हुशार वाटायला लागले आहे. ‘काकू, बागेतलं तुमचं सगळ्यात आवडतं काम कोणतं? आवडती जागा कोणती? आणि कोणत्या पद्धतीनं लावता?’ एका दमात तीन प्रश्न. बाहेर ४५ अंश, आत कूलरचा घरघराट, तिचं अर्धं बोलणं ऐकूच येईना. मी तोंडाला आलं ते सांगून टाकलं. पाणी देणं, मोगऱ्याजवळची जागा, सेंद्रिय पद्धत. तिन्ही उत्तरं पाहुण्यांना सांगतात तसली. तिचं समाधान झालं, माझं झालं नाही, म्हणून आता वही घेऊन बसले आहे.

मुळात ‘बाग’ हा शब्दच आमच्या सांदवाडीला मोठा होतो. घरामागचा तुकडा, तुराट्यांचं कुंपण, एक गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, दोन पपया, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ, आणि त्या त्या ऋतूत जे तग धरेल ते.

पाणी देणं मला आवडत नाही. मे महिन्यात तर ती शिक्षाच. आमची माती काळी, पऱ्हाटीची म्हणजे कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. परवा वांग्याच्या वाफ्यातल्या भेगेत मी सहज खुरपं घातलं तर मुठीपर्यंत आत गेलं. वरून बादली ओतली की पाणी सरळ त्या भेगेतून पाताळात, झाड आपलं मान टाकून उभं ते उभंच. म्हणून तीन वर्षांपासून मी मडकी पुरते. गळ्यापर्यंत मडकं जमिनीत, भोवती काकडीचे नाहीतर चवळीचे वेल, तोंडावर झाकणी. झाकणी नसली की मच्छर होतात. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं आपणहून तिकडे सरकतात. तिसऱ्या दिवशी भरलं तरी भागतं.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. घरातले जुने माठ वाया कशाला घालवायचे म्हणून तेच पुरले. आठवडा झाला तरी माठ भरलेले आणि वेल वाळलेले! नंतर डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बोअरचं पाणी खारं, त्या क्षारांनी माठाची बारीक छिद्रं बुजून गेलेली. जुन्या माठात पाणी गार होत नाही ते याचमुळे, आणि हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं. स्वयंपाकघरात माहीत असलेली गोष्ट सांदवाडीत माहीत नसते, असं काहीतरी डोक्याचं असतं माझ्या.

मग कुंभाराकडे गेले. म्हटलं, झिरपणारी द्या. तो हसायलाच लागला. ‘बाई, लोकं झिरपते म्हणून मडकं वापस आणतेत, अन् तुम्ही झिरपणारंच मांगता!’ त्याने बाजूला टाकलेली चार मडकी स्वस्तात दिली. वर ‘पुढच्या वर्षी सांगून ठेवजा’ असंही म्हणाला.

पद्धतीचं एवढंच. बाकी शेणखत, चुलीची राख, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा. कुटार झाडांच्या बुडाशी अंथरलं की ओल टिकते, पण वाळवीही येते आणि शेजारच्या कोंबड्याही येतात. मधल्या काळात मोबाइलवर पाहून काळ्या ग्रो बॅगही मागवल्या होत्या, बारा. स्लॅबवर ओळीने ठेवल्यावर फार देखण्या दिसल्या. एप्रिलच्या उन्हात त्यातली माती हात लावू देईना, मुळं शिजली. आता त्या पिशव्यांत यांचे पाने-पक्कड राहतात. पुतणीला हे फोनवर सांगितलं नाही, तिने त्याच घेतल्या आहेत. पुण्यात चालत असतील.

जागेचं खरं उत्तर द्यायचं तर कूलरखालची. मोगरा बिचारा चांगलाच आहे, पण माझी जागा ती नाही. मागच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला, त्याच्या ताट्यांतून दिवसभर थेंब थेंब गळतं. तिथे मी काहीच लावलं नव्हतं. कुठून तरी एक कंद आला आणि आता गुडघ्याएवढा धोपा, म्हणजे अळू, माजलाय. सगळी सांदवाडी करपलेली असताना तेवढाच हिरवा कोपरा. पानाखाली एक बेडूक राहतो. वड्यांसाठी पानं कापायला वाकलं की तो माझ्याकडे असं बघतो जणू मी त्याच्या घराची कौलं काढतेय. पावसाळ्यात कूलर उतरवला की तिथली मजा संपते, तेव्हा बेडकाला सगळं गाव मोकळं.

आता काम.

मला सगळ्यात आवडतं ते बी धरणं. त्यातही बी काढणं, वाळवणं नंतरचं. खरी मजा चिंधी बांधण्यात आहे. दोडक्याचा वेल भरात असताना सासूबाई मांडवाखाली हिंडत. चांगल्या वेलावरचा, लांब, सरळ, न किडलेला एक दोडका हेरत आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधत. ‘हा आपल्या ताटातला नोहे.’ मग घरात पाहुणा येवो की भाजीला काही नसो, त्या दोडक्याला कोणी हात लावायचा नाही. नवीन लग्न होऊन आले त्या वर्षी मी तोच तोडला होता. चिंधी मला वाटलं वाऱ्याने उडून अडकली असेल. त्या काही बोलल्या नाहीत. भाजी झाली, जेवण झालं, आणि भांडी घासताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘पुढच्या साली काय लावशीन व?’

आता चिंधी मी बांधते. दरवर्षी यांच्याशी त्यावरून वाजतं. यांचं म्हणणं खोटं नाही. वेलावर एक फळ जून व्हायला ठेवलं की वेलाचं सगळं लक्ष तिकडे जातं, नवीन दोडके कमी धरतात. ‘पाकीट मिळते ना दुकानात, कायले वेल म्हातारा करतं?’ मिळतं पाकीट. पण पाकिटातल्या संकरित टमाटरचं बी मी एकदा धरून पाहिलंय. पुढच्या वर्षी एक झाड बोराएवढं फळ देतंय, एक लांबट, एक नुसतंच वाढतंय. संकरिताचं बी फुटून आई-बापाच्या घराण्यातलं कोण कुठं जाईल याचा नेम नाही. दोडका आमचा सासूबाईंच्या सासूपासूनचा आहे, त्याचा स्वभाव माहीत आहे.

आज संध्याकाळी ऊन कलल्यावर गठोड्या काढल्या. मृगाला आठवडा राहिला. वालाचं बी राखेत ठेवलेलं, मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला. राखेने ओल राहत नाही, भुंग्यालाही हालचाल करता येत नाही. कोहळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावलेल्या. शेणाला उंदीर तोंड लावत नाही असं सासूबाई छातीठोक सांगतात. एक चकती पाऊण कुरतडलेली निघाली, ती मी त्यांना न दाखवता चुलीत टाकली.

आणि गेल्या दिवाळीतला दोडका. वेलावरच वाळवलेला, तपकिरी, हलका फूल. कानाशी धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. खालच्या टोकाची टोपी अंगठ्याने पुरती उचकटली आणि पालथा केला तर सुपात काळ्या बिया सरसर पडल्या. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, ‘आण इकडे.’ एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने अंधुक दिसतं. त्यांनी एक बी घेऊन नखाने घासलं. ‘खरबरीत हाय. दोडकाच.’ मग ‘दोडका’ चिठ्ठी लावलेल्या गठोडीतलं घेतलं. ‘हे गुळगुळीत, कडेले पातळ धार. गिलकं.’ मी डोळ्यांनी बघून दोडका आणि गिलकं (म्हणजे घोसाळं) या दोन गठोड्यांत घोळ घातला होता, चिठ्ठ्याच उलट्या लावल्या होत्या.

सोमवारी टोपी जराशी सैल करून त्या दोडक्यातल्याच दहा बिया हातावर काढल्या होत्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या होत्या. आज उघडलं. सातांना पांढरे कोंब, एक फुगलेली, दोन तशाच. दहात सात म्हणजे एका आळ्यात दोन दोन टाकायच्या. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मोजतं कायले, तीन टाक. एक आपली, एक पाखराची, एक नशिबाची.’ त्यांच्या हिशेबाने दरवर्षी मांडव मोडायची पाळी येते, पण मी तीनच टाकणार आहे.

पुतणीला पाठवायला पाकीट केलं. दहा बिया मोजल्या, मग आणखी चार घातल्या. कागदावर लिहिलं, रात्रभर भिजवून लाव, मांडव पक्का कर, आणि पहिला चांगला धरला की खाऊ नको. एवढ्याने तिला कळणार नाही, हे पाकीट चिकटवल्यावर सुचलं. लाल चिंधी आत घालायची राहिलीच. लुगडं आता घरात कोणाचं उरलं नाही, यांच्या जुन्या गमछ्याची काढावी लागेल.

कूलरचा आवाज कोरडा येतोय. टाकीतलं पाणी संपलं वाटतं. उठते.