परकराच्या दुकानातून सुरू झालेलं काम

लातूरच्या गंजगोलाईभोवती कापडाची इतकी दुकानं आहेत की तिथं नव्यानं परकर विकायला बसणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. आम्ही नेमकं तेच केलं. पुढं दुकान, मागं दोन साध्या मशिनी आणि एक जुनं ओव्हरलॉक. मी शिवायचे, हे कापायचे. परकरावर फार सुटत नव्हतं, पण गिऱ्हाईक टिकून होतं.

त्यातल्या काही बायका मागच्या बाजूनं दुहेरी अस्तर लावून मागायच्या. साडी पातळ असेल, असं मी धरून चालले होते. मग एकदा दुकानात गर्दी नाही हे बघून एका मावशींनीच सांगून टाकलं, "शिंक आली की जातंय गं माय. खोकल्यानं बी जातंय. एसटीत बसायची सोय राहिली नाही." अस्तर त्यासाठी होतं. एकीनं तोंड उघडलं तसं बाकीच्याही बोलू लागल्या. कुणी लग्नाला जाणं सोडलेलं, कुणी दिंडी. कुणी गावाला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात पाणी न पिणं म्हणजे दुसरं दुखणं ओढवून घेणं.

लघवी गळणं हा काही एक आजार नाही. लागोपाठची बाळंतपणं, पाळी गेल्यानंतर सैल पडलेले स्नायू, वर्षानुवर्षं डोक्यावर हंडे आणि उसाच्या मोळ्या, जुनाट खोकला, साखर. पुरुषांत प्रोस्टेटचं ऑपरेशन. आता आम्ही ही गळती झेलणाऱ्या, धुऊन वापरायच्या निकरी शिवतो; म्हणून आमच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: आधी डॉक्टरला दाखवा. जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर आमचा माल घेऊन घरी बसू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायामही त्यात लिहिलेत. हे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी १९४८ साली मांडले, फुकट आहेत आणि नेमानं केले तर पुष्कळ बायकांना गुण येतो. "गिऱ्हाईक बरं झालं तर आपण काय खायचं?" असं ह्यांनी चिठ्ठी छापताना विचारलं होतं. चिठ्ठी छापलीच.

बाजारात मोठ्या माणसांचे डायपर मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते लागतातच. पण दिवसाला चमचाभर गळणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या बाईनं रोज तीस-चाळीस रुपयांचा डायपर का बांधावा? शिवाय खेड्यात तो टाकायचा कुठं? घंटागाडी येत नाही, उकिरड्यावर कुत्री ओढतात. धुऊन वापरायचं काहीतरी पाहिजे, एवढं ठरलं.

नमुन्याला ऑनलाइन मागवलेली एक तयार निकर उसवून बघितली. आत तीन गोष्टी होत्या. अंगाला लागणारं, ओल खाली सोडणारं कापड; मध्ये पिणारा थर; आणि सगळ्यात बाहेर पीयूएल, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं कापड. पाणी त्यातून जात नाही, थोडी वाफ जाते. वस्तू चांगली होती, पण शिवणाऱ्यानं खुर्चीवर बसणारी बाई डोळ्यांपुढं ठेवली होती. आमची बाई उकिडवी बसते, मांडी घालून भाकरी थापते, वाकून निंदते. उकिडवं बसलं की मांडीची कड सुटते आणि नेमकं तिथूनच गळतं. मग आम्ही मधला पट्टा मागं लांबवला, मांडीशी रुंद केला आणि एका घट्ट इलॅस्टिकऐवजी दोन मऊ इलॅस्टिक लावले. एक घट्ट लावलं तर दुपारपर्यंत जांघेत वळ उठतात.

पिणाऱ्या थरानं आम्हाला फार घोळवलं. मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचं कापड, झटकन पितं, स्वस्तही असतं, पण वर वजन आलं की प्यायलेलं सगळं सोडून देतं. सुती टर्किश, म्हणजे टॉवेलचं कापड, धरून ठेवतो, पण वाळता वाळत नाही. आमची परीक्षा अशी असते: औषधाच्या सिरिंजनं मोजून मिठाचं पाणी पॅडवर सोडायचं, खाली टिश्यू पेपर, वर तराजूचं पाच किलोचं माप ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. टिश्यूवर डाग दिसला की नमुना बाद. शेवटी वर मायक्रोफायबर, खाली सुती अशी जोडी जमली. अंगाला मात्र मायक्रोफायबर कधीच लागू द्यायचं नाही, ते कातडी कोरडी पाडतं. त्याच्यावर पातळ होजिअरी येते.

शिवणीची गोष्ट वेगळीच. पापुद्र्यात सुई गेली की भोक पडलं, आणि सुती दोरा त्या भोकातून दिव्याच्या वातीसारखा ओल बाहेर ओढतो. म्हणून दोरा पॉलिएस्टरचा, सुई गोल टोकाची, बॉलपॉइंट, आणि मधल्या भागात एकही टीप नाही. टिपा फक्त कडेला. कापताना टाचण्या बंद, कपड्याचे चिमटे लावायचे. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या मुलींना हे अंगवळणी पडेपर्यंत बराच माल कापडी पुसण्यांत गेला.

हे सगळं जमलं तरी माल परत येत होता. गळतो म्हणून नाही, वास येतो म्हणून. ह्याचं उत्तर मशिनीवर सापडणारं नव्हतं, ते न्हाणीत आणि दोरीवर होतं. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. त्यात साबणाची वडी घासली की फेस कमी आणि राप जास्त. तो राप धाग्यात बसतो, पॅड पाणी पिईनासं होतं आणि वास धरतं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी औषधही तसंच, धाग्यावर थर चढवतं. म्हणून आम्ही सांगतो, वडी नको, थोडी पावडर टाका आणि दोनदा खळबळा. पण दोनदा खळबळायला पाणी कुठलं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, आणि स्टेशनावर बघायला गर्दी. टँकरच्या रांगेत उभी राहणारी बाई पॅडसाठी बादलीभर पाणी काढणार नाही, हे धरूनच वस्तू करायला हवी होती.

त्यातून निकर आणि पॅड वेगळे झाले. पापुद्र्याची निकर नुसती विसळली तरी चालते. पॅड तेवढं धुवायचं. ते दगडावर आपटा, धोपाटण्यानं बडवा, बंबाचं कढत पाणी घाला, त्याला काही होत नाही. निकरीला यातलं काहीच सोसत नाही, पापुद्रा सुटतो. इस्त्री तर नाहीच नाही. पॅडही जाड शिवत नाही. ते रुमालासारखं उलगडतं, वापरताना घडी घालून कप्प्यात सारायचं. उलगडलं की धुवायला थोडं पाणी पुरतं आणि उन्हाळ्यात भाकरी भाजून होईपर्यंत वाळतं.

वाळतं, पण उन्हात घातलं तर! बायका असले कपडे साडीखाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात घालतात. कितीही सांगा, सासरे अंगणात बसलेत म्हटल्यावर कोण ऐकतंय? म्हणून पांढरं कापड बंद केलं. आता पॅडची वरची बाजू मरून-हिरव्या बारीक फुलांची असते. उलगडून दोरीवर टाकलं की नातवाचं दुपटं वाटतं. वासाच्या तक्रारी कमी झाल्या त्या यानं, पिणारं कापड बदलून नाही.

नऊवारीवाल्या आज्यांनी मात्र आम्हाला पार नापास केलं. त्यांनी जन्मात निकर घातलेली नाही, आणि काष्टा सोडल्याशिवाय ती वर-खाली होणारही नाही. त्यांच्यासाठी दोन्ही कुशीला उघडणारा लंगोटासारखा नमुना केला. वेल्क्रो लावलं तर ते लुगड्याचे धागे ओढतं. आता टिच बटणं आहेत. म्हाताऱ्या बोटांना तीही जड जातात. नाडीचा नमुना सध्या मशिनीवर आहे.

विक्रीचं सांगायचं तर दुकानातून कमीच जातं. घरोघरी बांगड्या भरणाऱ्या कासारणी आमच्या खऱ्या विक्रेत्या. हात हातात घेऊन बसलेल्या बाईला बाई सगळं सांगते. पुरुष गिऱ्हाईक फोनवरच बोलतं, तेही "एका नातेवाइकासाठी" म्हणून. एका व्यापाऱ्यानं मोठा माल उचलला आणि पैसे अजून दिले नाहीत; तेव्हापासून उधारी बंद. सॅनिटरी नॅपकिनवर २०१८ पासून जीएसटी नाही, आमचा माल मात्र कपड्यात धरून पाच टक्के लागतो.

एक निकर आणि तीन पॅड असा जोड आम्ही विकत होतो. वर्ष फिरलं तसे नुसते पॅड मागणारे फोन वाढले, कारण निकर टिकते आणि पॅड झिजतं. आता पॅड सुटे मिळतात. बाहेरगावी एसटीच्या पार्सलनं जातात, पाकिटावर "सुती कपडा" एवढंच लिहिलेलं असतं.