गोखलेनगरच्या आजी आणि दोन पानी संमतिपत्र

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाने विद्यार्थी आणि परिसरातील जुने रहिवासी यांच्यात गोष्टीरूप संवाद घडवण्याचा उपक्रम हाती घेतला आणि माझ्या वाट्याला पुण्यातील गोखलेनगर आले. विद्यापीठ चौकातून सेनापती बापट रस्त्याने मी रोज ये-जा करत असे. परंतु पानशेतच्या पुरात घरे गमावलेल्या कुटुंबांसाठी ही वसाहत उभी राहिली, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

तिथल्या एका आजींच्या पहिल्या भेटीला मी बावीस प्रश्नांची यादी आणि दोन पानी संमतिपत्र घेऊन गेले. ‘सदर मुलाखतीचे सर्व हक्क विभागाकडे राहतील’ अशा भाषेतले ते पत्र आजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, “सही कशाला हवी? घराचं काही आहे का?” मी नाही म्हटले, तरी त्यांनी कागद घडी घालून परत दिला. अशा पूरग्रस्त वसाहतींमध्ये जागेच्या मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला असल्याने सहीचा कागद म्हणजे घराचा कागद, हे त्यांच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते. आमच्यापैकी कोणालाही ते आधी सुचले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मार्गदर्शक बाईंच्या पाठिंब्याने आम्ही नवे पत्र तयार केले, पण ते मंजूर होण्यास पाच आठवडे गेले. एका पानात चारच गोष्टी राहिल्या: ध्वनिमुद्रण कुठे ठेवले जाईल, ते कोण ऐकेल, नाव उघड करायचे की नाही आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल. ध्वनिमुद्रणापूर्वी तोंडी होकार घ्यायचा आणि सही मात्र लिहून काढलेला मजकूर वाचून झाल्यावरच घ्यायची, असे ठरले.

दुसऱ्या भेटीत मी प्रश्नांची यादी बाहेर काढलीच नाही. आजींनीच विचारले, “तुझं गाव कुठलं गं?” जावळी तालुक्यातले आमचे मूळ गाव कोयना धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि आजोबा-आजींना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, नव्याने संसार मांडावा लागला, हे मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “म्हणजे तुमचंही पाण्यानंच नेलं,” असे म्हणून त्या बोलू लागल्या.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे, काम अजून अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहत होत्या. मला वाटले होते, त्या लोंढ्याविषयी सांगतील. पण त्या रमल्या त्यानंतरच्या दिवसांत. गाळातून काढलेल्या पोत्यातल्या ज्वारीला मोड आले होते आणि आईने ती धुऊन वाळत घातली, तरी वास गेला नाही. खडकवासल्याचा साठाच वाहून गेल्याने पुरात बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले होते आणि आजी विहिरीवर रांगेत उभ्या राहत होत्या. हे सांगताना त्यांचा हात हंडा धरल्यासारखा कमरेशी गेला. ध्वनिमुद्रणात तो आला नाही, म्हणून मी मजकुरात चौकटी कंसात त्याची नोंद केली.

तासाभराचे बोलणे लिहून काढायला मला सहा तास लागले, आणि खरी चूक तिथेच झाली. मजकूर वाचता वाचता आजींनी एका वाक्यावर बोट ठेवले. मी लिहिले होते, ‘त्यानंतर आमचे येथे पुनर्वसन झाले.’ “मी असं कुठं म्हणाले? आम्हाला इथं आणून टाकलं, असं म्हणाले मी.” ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा त्यांचेच बरोबर निघाले. विद्यापीठीय सवयीने मी त्यांच्या वाक्यातला सल पुसून टाकला होता. त्यानंतर मी सगळा मजकूर शब्दाला शब्द लावून पुन्हा लिहिला. भावाच्या कर्जाविषयीचा भाग आजींनी वगळायला सांगितला, तो वगळला, आणि मगच त्यांनी सही केली.

मजकुराची बांधीव प्रत देण्यासाठी मी शेवटची गेले, तेव्हा आजींनी पाने चाळून विचारले, “यात तुझी गोष्ट कुठं आहे?” ती नव्हती. माझे बोलणे ‘मुलाखतकाराची प्रस्तावना’ समजून मी गाळले होते. आजींनी त्याच दिवशी मला समोर बसवले आणि कोयनेकाठच्या घराला किती खण होते, देव कुठे हलवले, माझ्या आजीने सोबत काय नेले, असे एकेक विचारत गेल्या. निम्म्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. ती मी त्या रात्री रायगडला फोन करून माझ्या आजीकडून मिळवली, दुसऱ्या दिवशी सांगितली, आणि त्याच एकपानी संमतिपत्राच्या नव्या प्रतीवर आजींच्या समोर सही केली.