‘गंमत केली, मनावर काय घेतेस?’

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकोवरचा विनोद आला की हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, आणि एखादीने हरकत घेतलीच तर ‘अगं, गंमत केली, मनावर काय घेतेस?’ हे उत्तर तयारच असते. असा विनोद वाचून कोणी नव्याने स्त्रीद्वेष्टा होतो, असे मला वाटत नाही. टिंगल ऐकून लोकांची मते बदलतात का, हे कॅनडातील जेम्स ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तपासले, तेव्हा फरक जवळजवळ आढळला नाही. अर्थात त्यांनी निवडलेले विनोद पुरुषांवर आणि वकिलांवर होते, आणि या दोघांचे टिंगलीने फारसे काही बिघडत नाही.

थॉमस फोर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रश्नच वेगळा होता. काही विद्यार्थ्यांना स्त्रियांची खिल्ली उडवणारी प्रहसने दाखवली आणि नंतर विद्यार्थी संघटनांच्या निधीत कपात सुचवायला सांगितले. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी आधीच वैरभाव होता, त्यांनी ही प्रहसने पाहिल्यावर स्त्रियांच्या संघटनेच्या निधीला अधिक कात्री लावली, आणि बरोबरच्यांनाही ते पटेल असे त्यांना वाटले. स्त्रियांविषयीची तशीच, पण विनोदी नसलेली विधाने वाचायला दिली, तेव्हा मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे विनोदाने पूर्वग्रह पेरला नव्हता, तो बाहेर काढायला मोकळीक दिली होती.

फोर्ड यांच्या २०१४ च्या अभ्यासात मुस्लिम आणि समलिंगी व्यक्तींवरील विनोदांनी अशी मोकळीक दिली, दहशतवादी किंवा वर्णद्वेष्ट्यांवरील विनोदांनी दिली नाही. दहशतवाद्याला उघड नावे ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘बायकांना अक्कल नसते’ हे मात्र आज चारचौघांत सरळ म्हणायची लाज वाटते, म्हणून ते विनोदाच्या आडून म्हटले जाते. हे प्रयोग मुख्यतः अमेरिकन विद्यार्थ्यांवरचे आहेत, त्यामुळे आपल्या घरांना ते जसेच्या तसे लावण्याची घाई मी करणार नाही.

सरदारजींवरील विनोदांवर बंदी घालावी, अशी याचिका एका शीख वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात केली होती. आपली मुले नावापुढे सिंग, कौर लावायला कचरतात, असे तिचे म्हणणे होते. नागरिकांना नैतिकतेचे नियम घालून देता येणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने २०१७ साली घेतली. ती मला योग्य वाटते, कारण ही मोकळीक कायदा देत नाही, ती हसणारी मंडळी देतात. त्या याचिकेवरही तेव्हा भरपूर विनोद झाले.