तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट होत असताना कर्ज का काढलं?

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या कागदावर मुलगी. छाती सपाट करायचं ऑपरेशन मी कर्ज काढून खाजगीत केलं. का, ते मामांनी विचारलं. शिरोली एमआयडीसीत माझ्याबरोबर कामाला असलेल्या, ज्या दोघातिघांना माहीत आहे, त्यांनी विचारलं. पतसंस्थेत कुणी विचारलं नाही, कारण अर्जात कर्जाचं कारण 'घरदुरुस्ती' असं लिहिलंय. आता इचलकरंजीचा एक पोरगा विचारतो, दर रविवारी फोन करून. "दादा, सरकार पाच लाखांपर्यंत देतंय, सरकारी दवाखान्यात फुकट होतंय, मग छातीचं ऑपरेशन तू खाजगीत का केलंस?" मामांच्या प्रश्नात टोमणा असतो, या पोराच्या प्रश्नात आशा असते. मामांना उडवून लावता येतं, याला नाही.

आधी एक विनंती. मला योजनांचे मेसेज पाठवू नका, ते सगळं मला पाठ आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याचं कलम 15 म्हणतं की हॉर्मोन, शस्त्रक्रिया आणि त्यांचा विमा यांची सोय सरकारने करायची. ऑगस्ट 2022 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांचा करार झाला आणि आयुष्मान भारतचं ट्रान्सजेंडर लोकांसाठीचं टीजी प्लस कार्ड जाहीर झालं, वर्षाला 5 लाखांचं. तमिळनाडूने 2008 मध्येच ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ काढलं, तिथल्या सरकारी रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होतात. आणि हो, बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचं लिंगबदलाचं ऑपरेशन 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात झालं. "त्यांचं झालं की" म्हणणारे हे सांगत नाहीत की पोलीस खात्याने रजा द्यावी म्हणून त्यांना आधी उच्च न्यायालयात जावं लागलं होतं.

पैशाचा प्रश्न खरंच कमी झालाय, हे मी नाकारत नाही. अडतं ते कार्ड आणि ऑपरेशन टेबल यांच्या मधे. मानसोपचाराची ओपीडी एका वारी, हॉर्मोनवाल्या डॉक्टरांची दुसऱ्या, प्लास्टिक सर्जरीची तिसऱ्याच. माझ्यासारख्या स्टोअरकीपरला प्रत्येक ओपीडी म्हणजे एक खाडा. योजनेच्या काउंटरवरचा आरोग्यमित्र संगणकात शोधून सांगतो, "हे पॅकेज इथं दिसत नाही, वर विचारतो." वरून उत्तर येईपर्यंत रक्ताचे रिपोर्ट जुने होतात, ते पुन्हा करायचे. शिवाय प्लास्टिक सर्जरीचं टेबल हे भाजलेल्यांचं आणि हात चिरडलेल्यांचंही टेबल असतं. पॉवर प्रेसमध्ये बोटं गेलेला माणूस मी कामावर डोळ्यांनी पाहिलाय. तो आला तर त्याला आधी घ्या, असं मीही म्हणेन.

पण निर्णय झाला तो यातल्या कशानेच नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात अखेर माझा नंबर लागला. भरती रेशनकार्डावरच्या नावाने झाली, कारण राज्याची योजना रेशनकार्डाला जोडलेली आणि त्या कार्डावर मी अजून थोरली मुलगी. केसपेपरवर 'स्त्री', म्हणून फिमेल सर्जिकल वॉर्ड. तोवर टेस्टोस्टेरॉनने दाढी आली होती, आवाज फुटला होता. सिस्टर समजूतदार होत्या, कोपऱ्यातली खाट दिली आणि पडदाही लावून दिला. शेजारच्या खाटेवरच्या पित्ताशयाच्या आजींनी "कुणाचा रे तू?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अर्धं मोसंबं हातावर ठेवलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

संध्याकाळी खाली जाऊन चहा पिऊन आलो. तेवढ्यात दारावरची ड्युटी बदलली होती. नवा सुरक्षारक्षक म्हणाला, "लेडीज वॉर्ड आहे, जेन्ट्सना आत सोडत नाही."

"मी पेशंट आहे."

"कुठला पेशंट?"

खिशात भरतीच्या कागदाची झेरॉक्स होती, ती दिली. त्याने नाव मोठ्यानं वाचलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, परत वाचलं. मग बाकावरच्या नातेवाइकांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुणाची झेरॉक्स घेऊन फिरतोयस रे?" दोघं उठून उभे राहिले. एक म्हणाला, बायकांच्या वॉर्डात शिरतोय, चौकीवर द्या याला. दुसऱ्यानं माझा दंड धरला. शर्टाच्या आत छाती आवळून बांधलेली, त्यामुळं घाबरल्यावर श्वास पुरेना. जोरात बोललो तर आवाज पुरुषाचा, गप्प राहिलो तर चोर.

गलका ऐकून आई बाहेर आली. मला 'अरे' म्हणायला तिला किती वर्षं लागली ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती त्या माणसाचा हात झटकून सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, पोरगी आहे ती माझी! सोडा तिला!"

"पोरीला एवढी दाढी?"

"आजार आहे तिला," आई म्हणाली.

रक्षकाने मला विचारलं, "खरं का?" मी हो म्हणालो.

आत खाटेवर बसल्यावर मी तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली, "आत तर आलास ना?" आणि डब्यातली भाकरी काढली.

सकाळी यादीतून माझं नाव गेलं होतं. रात्री स्फोटात भाजलेले आले होते. मग मोठे सर रजेवर, मग पुढच्या आठवड्यात बघू. तारवटलेल्या डोळ्यांचा रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "थांबा, होईल." मी थांबलो नाही, डामा केला. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी जातोय असं लिहून दिलं. खाली जुन्या नावाने सही. पुढं आईच्या पाटल्या, पतसंस्था आणि खाजगी हॉस्पिटल. तिथं पैसे भरल्यावर स्वतंत्र खोली मिळाली आणि कुठल्या वॉर्डात ठेवायचं हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मामा म्हणतात, "एका वॉचमनपायी लाखांचं कर्ज." म्हणू देत. त्यांचा दंड कुणी धरला नव्हता.

मला मामांपेक्षा जास्त त्रास देतो तो कॉलेजातला मी. ट्रान्सजेंडर ओळखीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा नालसा निकाल आला तेव्हा, ओळख सांगायला ऑपरेशनची अट नाही, हे मी दिसेल त्याला ऐकवायचो. बैठकांत तावातावानं म्हणायचो की खाजगीत पैसे मोजणारे सरकारला मोकळं सोडतात. आपण रांगेत उभं राहिलो नाही तर रांग होणारच नाही. तो मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण तेव्हा तो रांगेत उभाही नव्हता, हे मी त्याला सुनावतो. तो म्हणतो, आणखी आठवडाभर थांबला असतास तर पाटल्या वाचल्या असत्या. यावर माझ्याकडं उत्तर नाही, फक्त राग आहे.

कारण साताऱ्याकडच्या एका ओळखीच्याचं नंतर त्याच रुग्णालयात झालं. त्याच रेसिडेंटनं टाके घातले. व्रण माझ्यापेक्षा बारीक आहेत, मी बघितलेत. त्याला कुणी दारात अडवलं नाही. त्याला तेव्हा दाढी नव्हती.

इचलकरंजीच्या पोराला मी तिथंच जा म्हणून सांगितलंय. ट्रान्सजेंडर असल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखप्रमाणपत्र आधी काढ, टीजी प्लसला तेच लागतं. रेशनकार्डावरचं नाव भरतीच्या आधी बदलून घे. दाढी ठेवायची की नाही ते तुझं तू बघ. यावर तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं.

माझं गर्भाशयाचं ऑपरेशन अजून बाकी आहे. कायद्याप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलचं पत्र जोडून 'पुरुष' असं सुधारित प्रमाणपत्र मागता येतं. पत्र माझ्या फायलीत आहे, अर्ज मी अजून केलेला नाही. ते 'पुरुष' हातात पडलं आणि सरकारी पोर्टलवरचं जुनं 'ट्रान्सजेंडर' प्रमाणपत्र गेलं, तर टीजी प्लसच्या काउंटरवर मी काय दाखवू? म्हणजे फुकट हवं असेल तर तोवर कागदावर अर्धवट राहायचं. पतसंस्था दुसरं कर्ज देणार नाही, आणि हे ऑपरेशन होतं ते स्त्रीरोग विभागात. मामा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: ठरलेलं नाही.